पंचवीस मिनिटं बाकी

१२ जानेवारी, सोमवार

ताई,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून वरचा पत्ता आमच्या कारकुनाकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर पुढचं वाच. फोन तू उचलत नाहीस. सहा वर्षांत मी अकरा वेळा केला आणि अकराही वेळा तो वाजून वाजून बंद पडला. तुझा हट्ट मला नवा नाही. लहानपणी भांडण झालं की तू भिंतीकडे तोंड करून झोपायचीस आणि मी तुझ्या पाठीशी बडबडत बसायचे. आताही तसंच समज.

परवा भाऊजींचा फोन आला होता. त्यांच्यावर चिडू नकोस, बिचारे जिन्यात उभे राहून बोलत होते, आवाज घुमत होता. म्हणाले, "तुझी ताई जेवत नाही गं. दोन घास खाते आणि ताट सरकवते. दिवसभर एकच चाललेलं असतं, मीच घाई केली, मीच घाई केली." खारूची मैत्रीण तिचं तान्हं बाळ घेऊन भेटायला आली, तेव्हापासून हे वाढलंय म्हणे. सगळ्या तपासण्या झाल्या, शरीरात काही सापडत नाही, वजन मात्र उतरतंय. "तुझं ती ऐकायची," असं म्हणाले आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवलं असावं, कारण घाईने फोन ठेवून दिला.

माझं म्हणशील तर ठीक आहे. एक खोली आहे, तिला एक खिडकी आहे, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. काम तेच. हॉस्पिटल वेगळं, मशीन वेगळं, वाफ तीच. उजव्या मनगटावर नवा भाजल्याचा डाग पडलाय, जुन्याच्या शेजारी. इथे आले त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, मला मावशी म्हणायचं नाही. हॉस्पिटलात आमच्यासारख्या बायकांना जो तो मावशीच म्हणतो. इथे मला 'बाई' म्हणतात. एखाद्या नव्या नर्सच्या तोंडून चुकून मावशी निघालं तर मी ओ देत नाही. त्यामुळे मी कानाने अधू आहे असा माझा लौकिक झालाय.

खारूला शेवटचं नेलं त्या दिवशी मी आले नाही, ते तुझ्या मनात घट्ट बसलंय. मला ताप होता, ताई. एकशे तीन. उठवत नव्हतं. हे तुला सांगायची संधीच मिळाली नाही.

आणि घाई तू केलेली नाहीस. ऑपरेशन आज ना उद्या करायचंच होतं. तेवढं डोक्यातून काढून टाक आणि जेवत जा.

तुझी,
धाकटी

२७ जानेवारी, मंगळवार

ताई,

ताप नव्हता.

मागचं पत्र टाकून पंधरा दिवस झाले आणि ते एकशे तीन माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काय गरज होती आकडा घालायची? खोटं बोलताना मी नेहमी जास्तीचं बोलते, आई तिथेच पकडायची मला. तर ताप नव्हता. सकाळी मी साडी नेसले होते. तुमच्या वरच्याच मजल्यावर तर राहत होते, वीस पायऱ्या उतरायच्या होत्या. खाली सगळे जमल्याचं ऐकू येत होतं. तू एकदाच जोरात ओरडलीस. मग मी मागच्या जिन्याने उतरले, हॉस्पिटलात गेले, कपड्यांच्या खोलीत मळक्या चादरींच्या ढिगावर बसून राहिले. चार दिवसांनी तुझं घर सोडलं. तू सगळ्यांना सांगितलंस की जिला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्या शेवटालासुद्धा मावशीला यावंसं वाटलं नाही. बरोबरच सांगितलंस.

भाऊजी म्हणतात तू पत्र वाचलंस. वाचून उशीखाली ठेवलंस. जेवली नाहीस ते नाहीसच.

म्हणून आता त्या घाईबद्दल लिहिते. तुझ्या मनात ते कसं बसलंय हे मला माहीत आहे, कारण तू थिएटरबाहेरच्या बाकावर बसली होतीस तेव्हा तुझ्यासमोर मीच उभी होते. खारूच्या गुडघ्याचं ऑपरेशन. सायकलवरून पडायचं निमित्त, आतला स्नायुबंध तुटला होता. दिवसाच्या यादीत तिचा नंबर चौथा. सर्जन दीडनंतर नवं ऑपरेशन हाती घ्यायचे नाहीत आणि राहिलेलं पुढच्या आठवड्यावर. तू म्हणालीस, "तू आत आहेस ना? मग एवढं नाही करता येत?" मी म्हणाले, "बघते." तू म्हणालीस, "बघते काय, कर! एकोणीस वर्षांची पोर, आठवडाभर आणखी लंगडत बसू देऊ का तिला?" आणि खारू चाकाच्या खुर्चीत बसून गालात काहीतरी चघळत होती. सकाळपासून काही खायचं नाही म्हणून बजावलं होतं, तर म्हणे, "मावशी, हे खात नाहीये, नुसतं ठेवलंय." खारीसारखे गाल फुगवून. त्यावरूनच तर तिला खारू नाव पडलं. मी तोंडातून ती गोळी काढायला लावली आणि माझ्या खिशात टाकली.

एवढंच घडलं, ताई. तू नंबर लावून दे म्हणालीस, मी लावून दिला. रोज कुणी ना कुणी असं सांगतच असतं. त्यात घाई कसली?

इथे दर रविवारी सकाळी मी एका सभागृहात जाते. तू हसशील. निवृत्त झालेले एक मास्तर तिथे लोकांना गप्प बसायला शिकवतात. शाळेत चाळीस वर्षं तेच केलं म्हणे, आता मोठ्यांना शिकवतात. डोळे मिटायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन शांत करा म्हणतात, जणू काही ते गॅस बंद करण्याइतकं सोपं आहे. माझ्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसतात, ते पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात. त्यांच्याइतकी शांती अजून कुणालाच लाभलेली नाही. मी का जाते विचारशील तर सांगता येत नाही. त्या खोलीत कुणी मला काही विचारत नाही, हे असेल.

जेव. निदान सकाळचं तरी.

धाकटी

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

हे पत्र तू एकटीने वाचू नकोस. भाऊजींना जवळ बसव.

तुला माझं काम कधी नीट कळलं नाही. तू लोकांना सांगायचीस, "ती हॉस्पिटलात भांडी उकळते." अगदीच चूक नाही. ऑपरेशनची हत्यारं थिएटरमधून माखून येतात. ती धुवायची, घासायची, मोजायची, दुहेरी कापडात बांधायची, वर पट्टी चिकटवायची आणि मशीनमध्ये ढकलायची. वाफेने जंतू मरतात, पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. पण काम तिथे संपत नाही. मग तेच मशीन पॅक सुकवतं. कापड आतबाहेर कोरडं होईपर्यंत दार उघडायचं नाही, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात. ओला पॅक म्हणजे घाण पॅक, मग त्याची पट्टी कितीही काळी असो. हे नव्या बायकांना मीच शिकवायचे. शिकवताना आवाज चढवायचे.

गुडघ्याच्या हत्यारांचे आमच्याकडे दोनच सेट. त्या दिवशी एक दुरुस्तीला गेला होता. दुसरा आधीच्या पेशंटला वापरला आणि साडेबाराला माझ्याकडे आला. धुऊन, बांधून, मशीनमध्ये घालून पूर्ण होईपर्यंत पावणेदोन. म्हणजे खारू पुढच्या आठवड्यावर जाणार. वाफ झाली तेव्हा घड्याळात एक वीस. सुकवायची पंचवीस मिनिटं बाकी होती.

मी दार उघडलं.

पॅक काढला. खालच्या बाजूला हात लावला. ओलसर होता, नुकत्याच पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखा. मी तो खिडकीतून थिएटरमध्ये दिला आणि रजिस्टरात 'पूर्ण' असं लिहिलं. दीड वाजता खारूला आत घेतलं. तिने माझ्याकडे बघून गाल फुगवले.

तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. पाचव्या दिवशी तिला ताप चढला. त्यापुढचे सहा दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

चौकशी झाली. रजिस्टर बघितलं, पट्ट्या बघितल्या, सगळं काळं आणि पूर्ण. डॉक्टर म्हणाले, शंभरात एखाद्याला होतं, कितीही काळजी घेतली तरी. ते खोटं नाही, ताई. इथल्या एका डॉक्टरीणबाईंना मी आडून आडून विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या की जंतू रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचेही असतात, हवेतलेही असतात, कुठून आला ते कधी कळत नाही. ओल्या पॅकनेही शंभरातल्या पुष्कळांना काहीच होत नाही. म्हणजे कदाचित त्या पॅकमुळे झालंही नसेल. सहा वर्षं मी ह्या 'कदाचित'मध्ये बिऱ्हाड करून राहिले आहे. तिथेच उठते, तिथेच झोपते.

आता तुला कळलं. घाई केली ती मी. तू फक्त बोललीस. बोलण्याने कापड ओलं राहत नाही.

तू मला काय वाटेल ते बोल. पोलिसांत जायचं तर जा, मी इथेच आहे, पत्ता पाकिटावर आहे. पण ताट सरकवू नकोस. राग धरायला तुला माणूस हवं होतं, ते मिळालं. आता स्वतःला सोड.

धाकटी

३ मार्च, मंगळवार

ताई,

तुझ्याकडून काहीच नाही. भाऊजींना फोन केला. म्हणाले, तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं, सगळं, एका दमात, वर्तमानपत्र वाचावं तसं. मग ते बाहेर गेले आणि बराच वेळ रस्त्यावर फिरत राहिले. माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज परक्या माणसाचा होता. फोन ठेवताना एवढंच म्हणाले, "तू हे तेव्हा सांगायला हवं होतंस." मी म्हणाले, "हो." आणखी काय म्हणणार?

तुझ्या जेवणाबद्दल विचारलं. "तसंच," म्हणाले.

बावीस तारखेच्या रविवारचं सांगते. मास्तरांच्या सभागृहात बसले होते. शेजारचे गृहस्थ घोरत होते, पंखा कुरकुरत होता. श्वास आत, श्वास बाहेर. आणि मला ऐकू आलं की प्रत्येक श्वास सोडताना मी मनातल्या मनात एक वाक्य म्हणते आहे. 'कदाचित त्यामुळे नसेल.' दर श्वासाला, ताई. ते मी तिथे बसल्यावर सुरू केलेलं नव्हतं. सहा वर्षं चाललेलं होतं, भांडी घासताना, जिना चढताना, लोकांशी हवापाण्याचं बोलताना. मला फक्त त्या दिवशी ऐकू आलं. आणि ऐकू आलं तसं ते थांबलं.

प्रकाशबिकाश काही पडला नाही. देव दिसला नाही, दिसला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. मशीन बंद झालं की मग कळतं की इतका वेळ केवढा आवाज होता, तेवढंच झालं. आणि त्या शांततेत मी होते. दार उघडणारी मी, आणि खारूला अंघोळ घालून तिचे केस विंचरणारी मी, एकच बाई. इतकी वर्षं मला वाटायचं ह्यातली एक खरी असली तर दुसरी ढोंगी असणार. तसं नव्हतं. मला माझी कीव आली नाही. किळसही आली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मास्तरांना बाहेर आल्यावर म्हणाले, "आज मला शांत वाटलं, पण त्याची लाज वाटते." त्यांनी माझ्या हातावरचे डाग बघितले. म्हणाले, "शांत वाटलं म्हणजे सुटका झाली असं नाही, बाई. आता नीट दिसेल, एवढंच. आणि जे दिसेल ते करावं लागेल."

तर जे दिसलं ते लिहिते. मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. सगळं सांगितल्याचा आव आणला आणि मुळातली गोष्ट गाळली.

थिएटरमधली सिस्टर कडक होती. पॅक हातात घेतला की आधी खालून चाचपायची. ओलसर लागला तर तिथल्या तिथे परत, मग सर्जन ओरडू दे नाहीतर कुणी. ती तो पॅक उघडू देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी कपाटातून एक कोरडं कापड काढलं आणि त्या ओल्या पॅकवर आणखी एक वेष्टन चढवलं. छान कोपरे दुमडून. पट्टी काढून वर लावली. सिस्टरने चाचपलं, कोरडं लागलं, तिने आत नेला.

घाईने दार उघडणं ही चूक म्हणता येईल. एखाद्या चांगल्या माणसाकडूनही होईल. कापड मी विचार करून गुंडाळलं. दोन मिनिटं लागली त्याला. त्या दोन मिनिटांत मी कधीही थांबू शकले असते.

ही ती गोष्ट. ह्याच्या खाली आता काही उरलं नाही. ह्यात 'कदाचित' कुठेच नाही.

सिस्टरला मी वेगळं पत्र लिहिलंय आणि जुन्या हॉस्पिटललाही. सिस्टरचं उत्तर आलं. ती हे नुसतं वाचून सोडणार नाही, वर कळवणार आहे म्हणते, आणि तिने सोडूही नये. हॉस्पिटलकडून काही नाही. ते पत्र कुठल्यातरी फाइलीत जाईल. तरी लिहिलं.

धाकटी

२४ मार्च, मंगळवार

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. किती बारीक झालंय.

चार ओळी लिहिल्यास. 'वाचलं. कापडाचंही वाचलं. मी मागे लागले नसते तर तू दारच उघडलं नसतंस. पहिलं पाऊल माझंच. तू माझ्यासाठी दोष अंगावर घेऊ नकोस, तुझी ही सवय जुनी आहे.'

मी चिठ्ठी घेऊन खोलीत येरझाऱ्या घातल्या. रागाने, ताई, तुझ्यावरच्या रागाने. इतकं काळीज फाडून समोर ठेवलं आणि तुला वाटतं मी लहानपणी फुटलेल्या फुलदाणीचा आळ स्वतःवर घेतला तसंच हे! मी उदार नाही गं. मी तुला काही भेट देत नाही. हे माझं आहे. ते मला माझ्यापाशी ठेवू दे. तूच ते ओढून घेशील तर मी काय घेऊन जगू?

आणि दुसरी गोष्ट. तू चिठ्ठी टाकल्याचं भाऊजींनी कळवलं होतं, मग ती चार दिवस वाटेत होती. त्या चार दिवसांत मला वाटायला लागलं होतं की तू शिव्या देशील. मी वाट बघत होते शिव्यांची. कुणीतरी मला शेवटी ओळखेल, माझ्या घरचं कुणीतरी, आणि म्हणेल की हो, तूच ती. तू तेवढंही केलं नाहीस.

भाऊजींचा काल निरोप आला. आता तू चहाही नको म्हणतेस. डॉक्टर दाखल करा म्हणतायत. मला यायचंय असं म्हटलं तर ते म्हणाले, "नको. तुला बघून ती आणखी बिघडेल, की मी बिघडेन, मला सांगता येत नाही." प्रामाणिक माणूस.

मला काय करावं ते कळत नाही. रविवारी बसले, श्वास आत-बाहेर झाला, वाक्य परत आलं नाही. शांतता आहे तशीच आहे. तिचा तुला काही उपयोग नाही. ज्या गोष्टीने मी उभी राहिले ती तुझ्यापर्यंत पोचवताच येत नाही, मग असल्या जागं होण्याला काय अर्थ आहे? मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "ठाऊक नाही." निदान खोटा धीर तरी दिला नाही.

धाकटी

११ एप्रिल, शनिवार

ताई,

तुला दाखल केल्याचं कळलं. सुईने अन्न देतायत म्हणे. हे पत्र भाऊजी तुला वाचून दाखवणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलंय. मध्ये थांबू नका, भाऊजी.

बुधवारची गोष्ट. आमच्या मशीनची सुकवणी गेले काही दिवस कुरकुर करते आहे. सकाळच्या खेपेतला एक पॅक मी काढला, खालून चाचपला, ओला. वेळ दिला होता पुरा, तरी ओला. मी तो बाजूला ठेवला आणि थिएटरला कळवलं की हा सेट मिळणार नाही, पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. आतून इथली सिस्टर आली. म्हणाली, "बाई, जरासाच ओलसर आहे. सर्जन निघून जातील." मी म्हणाले, "जाऊ देत." सर्जन गेले. एका मुलीचं कोपराचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

थोड्या वेळाने खिडकीवर थापा पडायला लागल्या. उघडून बघते तर त्या मुलीची आई. तुझ्याएवढीच उंची, तसाच रुंद हात. "तूच का ती?" म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहे माझी पोर. कण्हतेय. आणि तुम्ही कापड ओलं म्हणून ऑपरेशन रद्द करता? जरा पुढेमागे करता येत नाही?" मी नियम सांगायला गेले तर तिने ऐकूनच घेतलं नाही. आधी हात जोडले. "तुमच्या पाया पडते, काहीतरी करा." मग रडली. मग शिव्या दिल्या. काय एकेक शिव्या, ताई! बाकावरचे सगळे वळून बघत होते. शेवटी म्हणाली, "तुमच्या घरची पोर असती म्हणजे कळलं असतं तुम्हाला!"

मी म्हणाले, "उद्या सकाळी पहिला नंबर तिचाच आहे." आणि खिडकी लावून घेतली. दारापलीकडे ती बडबडतच होती.

मी स्टुलावर बसले आणि तिचं बोलणं ऐकत राहिले. ताई, त्या बाईचं काय चुकलं? मला सांग. पोर कण्हते आहे, आत बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी आहे, तर आई ते मागणारच. हात जोडून मागेल, रडून मागेल, शिव्या देऊन मागेल. न मागणारी आई कुठे असते का? आज मी तिचं ऐकलं असतं आणि तिच्या पोरीला काही झालं असतं, तर तू त्या बाईला म्हणाली असतीस का, की पहिलं पाऊल तुझं? तिच्या तोंडावर म्हणाली असतीस? तुझी जीभ रेटली नसती.

मागणं तिचं काम होतं. तुझंही तेच काम होतं, तू ते केलंस. नाही म्हणणं हे माझं काम होतं. त्यासाठीच मला त्या खिडकीमागे बसवलं होतं. माझ्या चांगुलपणापायी मी दोष घेत नाहीये, ताई. तो तुझा नाहीच, तुला उचलताच येणार नाही, कितीही ओढलास तरी.

मुलीचं ऑपरेशन गुरुवारी झालं. कोपराला पट्टा बांधून आज त्या घरी निघाल्या. माझ्या खिडकीसमोरूनच वाट आहे. त्या बाईने मला बघितलं. अजून रागातच होती. ओठ आवळले, ताडकन तोंड फिरवलं, आणि पोरीचा धड हात धरून दाराबाहेर गेली. तिला कधी कळणार नाही काय झालं नाही ते. घरी जाऊन ती शेजारणीला माझ्याबद्दल काय काय सांगेल!

मी त्या दिवशी तुला नाही म्हटलं असतं, तर तूही माझ्यावर अशीच रागावली असतीस. महिनाभर बोलली नसतीस. पत्र आलं तर फाडलं असतंस. आणि पोरीचा हात धरून घरी गेली असतीस.

तुझी,
धाकटी